टेकाडावरचा नोड वीज गेली की वीस मिनिटांत का मरतो: चार गावांच्या मेश नेटवर्कचं प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्याच्या डोंगराळ पट्ट्यातली चार गावं. ओळख पटू नये म्हणून त्यांना अ, ब, क आणि ड म्हणू. अ गावच्या ग्रामपंचायतीत फायबर पोहोचलेली आहे. बाकी तिन्ही गावांत मोबाइलची रेंज धरायची तर घराबाहेर पडून धुऱ्यावर उभं राहावं लागतं. परिसरातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीने पुढाकार घेऊन अ गावच्या जोडणीवरून मेश नेटवर्क, म्हणजे एकमेकांमार्फत बोलणाऱ्या वायफाय उपकरणांचं जाळं, उभारलं. वापर ठरलेला होता: ई-पीक पाहणी, पीएम किसानची ई-केवायसी, ग्रामपंचायतीचे दाखले, शाळा, उपकेंद्र, आणि संध्याकाळी अर्थातच पोरांचे व्हिडिओ.

एकूण १६ उपकरणं, म्हणजे नोड. अ गावात ५, त्यांपैकी दोन दिशादर्शक अँटेनाची. ब गावात ४, तिथली जोडणी अ गावाहून थेट, अंतर २.४ किलोमीटर. क आणि ड ही गावं टेकाडाच्या पलीकडे, त्यामुळे मध्ये एक रिले, म्हणजे सिग्नल पुढे पोहोचवणारा टप्पा. एका शेतकऱ्याच्या मोटारघराजवळ, बरड जमिनीच्या माथ्यावर ९ मीटरचा जीआय पाइप रोवून त्यावर दोन उपकरणं चढवली: एकाचं तोंड अ गावाकडे, दुसऱ्याचं क आणि ड कडे. क गावात ४ आणि ड गावात १. सगळ्यांवर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त प्रणाली. गावागावांतला दुवा ५ गिगाहर्ट्झवर, त्यावर मेशमधली वाट ठरवणारं बॅटमॅन-ॲडव्ह, आणि गावकऱ्यांचे फोन २.४ गिगाहर्ट्झवर.

रिलेच्या विजेचा हिशेब कागदावर चोख होता. मोटारघराला वीज कृषी फिडरची, म्हणजे शेतीपंपांसाठीच्या वेगळ्या लाइनची, फेरपाळीने कधी दिवसा ८ तास, कधी रात्री. उरलेले १६ तास बॅटरीवर काढायचे. दोन उपकरणं मिळून १६ वॅट. सोळा तासांचे २५६ वॅट-तास झाले. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही हा नियम धरला, तर १२ व्होल्ट ४२ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी जेमतेम पुरते. तीच बसवली.

अडचण

पहिल्या महिन्यापासून क आणि ड गावं दिवसातून निदान एकदा नेटविना राहू लागली. तक्रारीही दोन तऱ्हेच्या होत्या. क गावातून निरोप यायचा, ‘भाऊ, नेट गेलं.’ ब गावातून मात्र वेगळंच: ‘वायफाय दिसून ऱ्हायलं, पण काहीच उघडून नाही ऱ्हायलं.’ या दोन वाक्यांतला फरक फार मोलाचा होता. पहिल्यात नोडच बंद आहे, दुसऱ्यात नोड चालू आहे आणि मागचा दुवा आजारी आहे. तेव्हा दोन्ही निरोप ‘नेट बंद’ याच रकान्यात नोंदले गेले.

देखरेखीसाठी होतं ते असं: ग्रामपंचायतीतल्या एका छोट्या संगणकावरून दर ५ मिनिटांनी सोळाही पत्त्यांना पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ एवढीच विचारणा. उत्तर नाही आलं की टेलिग्रामवर निरोप. रिले गेला की सात उपकरणं एकदम नाहीशी होत, म्हणजे एका झटक्यात सात निरोप, आणि परत आल्यावर आणखी सात. दुसऱ्या आठवड्यात संगणक परिचालकाने तो ग्रुप म्यूट केला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. दिवसाला तीस-चाळीस निरोप कुणीही वाचणार नाही.

रिलेबद्दल सगळ्यांचं एकमत झालं ते म्हणजे ‘बॅटरी गेली’. कृषी फिडर बंद झाला की थोड्या वेळात रिले बंद, फिडर आला की चालू. दुसरा अर्थ निघण्यासारखा नव्हताच. बॅटरी बदलली. तेच. विकणाऱ्याने माल जुना दिला असेल म्हणून दुसरीकडून आणखी एक आणली. तेच. तिसऱ्या बॅटरीनंतर कुणीतरी विचारलं, की फिडर गेल्यावर नेमकी किती वेळाने रिले बंद पडते? उत्तर कुणाकडेच नव्हतं. पिंगला फिडर कधी गेला हे ठाऊक नसतं आणि मोटारघरात तेव्हा कुणी नसतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय: रिलेवर १०० वॅटचं सौर पॅनेल आणि दुप्पट बॅटरी. झटपट आणि दिसायला भारी. पण दोष कुठे आहे हे न कळता पैसे ओतायचे, हाच प्रकार दोन बॅटऱ्यांवर होऊन गेला होता. उघड्या माळावरचं पॅनेल चोरीला जाण्याची धास्ती वेगळीच.

दुसरा: रिले उठवून गावठाण फिडरवरच्या जागी नेणं. तशी जागा होती, पण तिथून ड गाव दिसत नव्हतं.

तिसरा: आधी मोजायचं, मग खर्च. त्यासाठी देखरेखीची पद्धत बदलावी लागणार होती. इथेही निवड करायची होती. उपकरणं बनवणाऱ्यांचे क्लाउड कंट्रोलर बाद झाले, कारण उपकरणं दोन वेगवेगळ्या बनावटीची, आणि फायबर तुटली की क्लाउडला आतलं काहीच दिसत नाही. नेमकं तेव्हाच आतलं पाहायचं असतं. ओपनविस्प चांगलं आहे, कॉन्फिगरेशन आणि देखरेख दोन्ही एकत्र देतं, पण १६ उपकरणांसाठी तो सगळा डोलारा सांभाळणारं माणूस गावात नव्हतं. पन्नासच्या वर गेलं तर तोच पर्याय योग्य ठरेल. शेवटी ग्रामपंचायतीतल्या इन्व्हर्टरवर एक जुना ४ जीबी रॅमचा मिनी पीसी ठेवून त्यावर झॅबिक्स हे देखरेखीचं सॉफ्टवेअर बसवलं.

काय मोजायचं, हे ठरवणं

हा निर्णय सॉफ्टवेअरच्या निवडीपेक्षा महत्त्वाचा ठरला. प्रत्येक नोड दर दोन मिनिटांनी स्वतःहून एक छोटी नोंद पाठवू लागला. त्यात होतं: सुरू झाल्यापासूनचा वेळ, प्रत्येक शेजाऱ्याचा सिग्नल डीबीएममध्ये (हा आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरकस), बॅटमॅनची टीक्यू ही ० ते २५५ मधली दुव्याची प्रत, रेडिओचा चॅनल किती टक्के वेळ गजबजलेला आणि त्यातला स्वतःचा वाटा किती, मोकळी मेमरी, जोडलेले फोन.

‘सुरू झाल्यापासूनचा वेळ’ हा साधा आकडा सर्वांत जास्त बोलतो. पिंग दर पाच मिनिटांनी होत असेल आणि नोड दीड मिनिटात रिस्टार्ट होत असेल, तर पिंगला तो दिवसभर ‘चालू’च दिसतो. हा आकडा मात्र प्रत्येक वेळी शून्यावर येतो.

लॉगही सर्व्हरकडे वळवले. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये लॉग रॅममध्ये राहतो. वीज गेली की मरणाचं कारण नोडबरोबरच पुसलं जातं. शिवाय या राउटरांना बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. सुरू झाल्यावर इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत ते जुनीच तारीख सांगतात. म्हणून लॉग वाचताना नोडने छापलेली वेळ धरायची नाही, सर्व्हरला तो मिळाल्याची वेळ धरायची.

रिलेसाठी मात्र एवढ्याने भागणार नव्हतं, कारण रिले मेल्यावर निरोप देणार कोण? मोटारघरात ईएसपी ८२६६ या छोट्या वायफाय चिपचा एक बोर्ड त्याच बॅटरीवर बसवला. चिपच्या ॲनालॉग पायाला १ व्होल्टपेक्षा जास्त चालत नाही, म्हणून बॅटरी आणि तो पाय यांच्यामध्ये १५० किलोओहम आणि १० किलोओहमची विभागणी. १५ व्होल्टचे ०.९४ होतात. (बाजारातल्या काही तयार बोर्डांवर अशी विभागणी आधीच असते. न पाहता दुसरी जोडली की सगळे आकडे चुकतात.) दुसऱ्या पायावर ५ व्होल्टचा मोबाइल चार्जर, तोही विभागणीतून: चार्जर जिवंत म्हणजे फिडर जिवंत. बोर्ड दर मिनिटाला नोंद करून स्वतःच्या मेमरीत ठेवी आणि रिलेचा वायफाय परत आला की सगळं एकदम पाठवी. घड्याळ त्यालाही नाही, पण तो स्वतः बंद पडत नसल्याने मिनिटं मोजत राही. जोडला गेला की मागे मोजत प्रत्येक नोंदीची खरी वेळ काढता येई.

जे दिसलं ते

तीन दिवसांत चित्र स्पष्ट झालं. फिडर जाई. बॅटरी १३.६ वरून हळूहळू १२.६ वर येई. अठराव्या-विसाव्या मिनिटाला दोन्ही उपकरणं नाहीशी होत. आणि त्यानंतर रात्रभर बॅटरी १२.६ ते १२.७ वर निवांत बसून राही. म्हणजे बॅटरी जवळजवळ भरलेली होती आणि उपकरणं मेलेली. तीन बॅटऱ्यांपैकी एकही खराब नव्हती.

मग दोष बॅटरी आणि उपकरण यांच्या मध्ये. तिथे होती प्रत्येक उपकरणाची आपापली ३० मीटरची केबल. मोटारघर उतारावर आणि पाइप माथ्यावर, त्यामुळे लांबी वाढलेली. बॅटरीचे १२ व्होल्ट थेट पीओईच्या, म्हणजे नेटवर्कच्याच केबलमधून वीज नेणाऱ्या, जोड्यांवर टाकलेले. केबल कापून तार सुरीने खरवडली तर आत पांढरी: तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, दुकानात ज्याला सीसीए म्हणतात.

हिशेब असा. पीओईत जाताना दोन तारा आणि येताना दोन. अस्सल तांब्याच्या २४ गेजच्या तारेत ३० मीटरला येऊन-जाऊन अडीच ओहम पडतात, सीसीएमध्ये सुमारे ४ ओहम. उपकरणाला ८ वॅट हवेत, आणि त्याला व्होल्ट कमी मिळाले की ते करंट जास्त ओढतं, त्यामुळे तारेत आणखी गळती होते, व्होल्ट आणखी पडतात. चार्जर चालू असताना बॅटरीवर १३.६ व्होल्ट, वरच्या टोकाला १०.६. उपकरण खुश. फिडर गेल्यावर १२.६, वरच्या टोकाला ९.१. उपकरणाची किमान मर्यादा ९. बॅटरी १२.४ वर आली की वर ८.७ उरतात आणि खेळ संपतो. मधली वीस मिनिटं मिळायची ती फक्त ताज्या चार्जिंगचा वरवरचा व्होल्टेज उतरायला लागणारा वेळ. बॅटरी मोठी बसवली असती तर ही वेळ थोडी वाढली असती, दोष मात्र तसाच राहिला असता. अस्सल तांबं असतं तर ११.६ व्होल्टवरही वर ९.५ मिळाले असते आणि हा दोष कुणाच्या लक्षातही आला नसता.

केलेली दुरुस्ती, आणि तिच्यातून निघालेला दुसरा दोष

मोटारघरात १२ चे २४ व्होल्ट करणारा स्टेप-अप कन्व्हर्टर बसवला. दुप्पट व्होल्टला करंट निम्मा, आणि तारेतली गळती दीड व्होल्टच्या आत. हे काम तासाभराचं. केबलही बदलून बाहेर वापरायची, काळ्या आवरणाची, अस्सल तांब्याची टाकली. सीसीएची तार टोकाच्या आरजे-४५ कनेक्टरच्या दातांखाली हवेने गंजते, ते दुखणं पुढे निघालंच असतं. खालच्या तोंडाला पाणी उतरू नये म्हणून केबलला खोलीत शिरण्याआधी खाली झोळ दिला.

पहिली रात्र रिले अखंड चालला. दुसरीही. तिसऱ्या पहाटे बंद.

या वेळी मात्र आलेखात कारण आधीच दिसत होतं. फिडर जाण्याच्या क्षणी बॅटरी जिथवर चढलेली असे, तो आकडा रोज खाली सरकत होता. चार्जर ३ अँपिअरचा. त्यातले जवळपास दीड अँपिअर उपकरणं आणि कन्व्हर्टरच खाऊन टाकत. उरलेल्या दीडवर आठ तासांत बारा एएच भरणार, आणि सोळा तासांत तेवीस एएच जाणार. उपकरणं आधी वीस मिनिटांतच मरत असल्यामुळे बॅटरी कधी रिकामीच झाली नव्हती, आणि चार्जर अपुरा आहे हे झाकलं गेलं होतं. ८ अँपिअरचा चार्जर आणला. सोबत ११.५ व्होल्टला भार तोडणारा आणि १२.६ ला पुन्हा जोडणारा कट-ऑफ लावला. या दोन आकड्यांमधलं अंतर ठेवणं जरुरीचं. नाहीतर भार तुटताच बॅटरी वर उसळते, भार पुन्हा जोडला जातो, सुरू होताना जास्त करंट ओढतो, पुन्हा तुटतो, आणि रात्रभर हे चालतं.

वॉचडॉगचा फेरा

मधल्या काळात आणखी एक जुनी सोय अंगलट आली. प्रत्येक नोडवर वॉचडॉग होता: दहा मिनिटं इंटरनेटवरचा एक पत्ता पिंगला उत्तर देईना, तर रिस्टार्ट. रस्त्याच्या कामात फायबर तुटली आणि दोन दिवस जोडणी नव्हती. दोन्ही दिवस सोळाही नोड दर दहा-बारा मिनिटांनी रिस्टार्ट होत राहिले. शाळेतल्या सर्व्हरवरचे धडे गावातल्या गावात चालायला हवे होते, तेही बंद.

आता वॉचडॉग इंटरनेट पाहत नाही, शेजारी पाहतो. ओळखीचा एकही शेजारी वीस मिनिटं दिसला नाही तर आधी फक्त रेडिओ बंद-चालू करायचा. तरीही नाही तर एकदाच रिस्टार्ट. पुढचा प्रयत्न सहा तासांनी. रोज पहाटे तीनला सगळे नोड रिस्टार्ट करण्याची जुनी ओळही काढून टाकली. तिच्यामुळे ब गावच्या एका नोडची मेमरी हळूहळू गळते आहे हे कित्येक महिने लपून राहिलं होतं.

चॅनल बदलताना झालेली फसगत

ब गावच्या ‘दिसतंय पण उघडत नाही’ या तक्रारीचं मूळ रेडिओच्या आकड्यांत सापडलं. १४९ क्रमांकाचा चॅनल संध्याकाळी ६८ टक्के वेळ गजबजलेला, त्यात या मेशचा स्वतःचा वाटा २१. उरलेले ४७ टक्के दुसऱ्या कुणाच्या तरी दुव्याचे. त्याच दिशेला कुणी नवा डिश लावला होता. १६१ वर जायचं ठरलं.

बदल स्क्रिप्टने एकेका नोडवर जाऊन करायचा होता. यादी पत्त्यांच्या क्रमाने होती, आणि त्या क्रमात ब गावचा वेशीवरचा, अ गावाकडे तोंड असलेला नोड पहिला निघाला. तो १६१ वर गेला आणि त्याच क्षणी अ गावाशी बोलणं तुटलं. त्याच्या मागचे तीन नोड १४९ वरच. वेशीवरचा नोड नव्या चॅनलवर एकटा. संगणक परिचालक लॅपटॉप घेऊन मोटारसायकलने ब गावात गेला आणि पाण्याच्या टाकीवर चढून केबल जोडून तो पूर्ववत केला.

खरं तर जायची गरज नव्हती. अ गावातलं ब कडे तोंड असलेलं उपकरण तात्पुरतं १६१ वर नेलं असतं, तर वेशीवरचा नोड तिथेच भेटला असता. पण निरोपांचा भडिमार सुरू असताना हे सुचत नाही. म्हणून आता ते ग्रामपंचायतीत भिंतीवर लिहून ठेवलं आहे: ‘हरवलेला नोड शोधायचा तर त्याच्या चॅनलवर आपण जायचं.’

दुसऱ्या वेळी पद्धत बदलली. नवीन कॉन्फिगरेशन सगळ्या नोडवर आधी नुसतं नेऊन ठेवलं. प्रत्येकाला एकच वेळ दिली, पहाटे २. वेळ झाली की प्रत्येकाने आपापलं बदलायचं, जुनी प्रत जपून ठेवायची, आणि दहा मिनिटांत ओळखीचा शेजारी दिसला नाही तर मागे फिरायचं. त्या वेळी वीज नसल्याने एखादा नोड बंदच असेल तर? म्हणून सूचना फाइलमध्ये लिहिलेली. नोड उशिरा सुरू झाला, घड्याळ जुळलं नाही आणि शेजारीही दिसले नाहीत, तर दोन्ही चॅनल चाचपायचे. हे सगळं आधी दोन सुटे राउटर टेबलावर ठेवून तीनदा करून पाहिलं. एका रात्रीत सोळाही नोड बदलले. घाईने एकेक बदलायचंच असेल, तर क्रम ठरलेला: सर्वांत दूरचा आधी, गेटवे (फायबरला जोडलेला नोड) शेवटी.

आलेखाचा आकार वाचणं

वर्षभराच्या नोंदींतून सिग्नलच्या रेषेचे काही आकार पाठ झाले. ते इतरांनाही उपयोगी पडतील.

रेषा एकदम पायरीसारखी ८–१२ डीबी उतरली आणि तिथेच राहिली, तर अँटेना हलली. इथे कारण बहुधा वानर. कळप पाइपवर चढतो, डिशला लोंबकळतो, यू-क्लॅम्प फिरतो. एका क्लॅम्पऐवजी दोन, आणि पाइपला आरपार एक बोल्ट, एवढ्यावर हे थांबलं.

पाऊस आला की उतरते आणि ऊन पडलं की तासा-दोन तासांत सावरते, तर सांध्यात पाणी. दर पावसागणिक आधीपेक्षा थोडी कमी सावरत असेल, तर आत गंज धरलेला.

दुपारी १ ते ४ मध्ये रिस्टार्ट, सिग्नल ठीक: उष्णता. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि उन्हातल्या बंद लोखंडी पेटीच्या आत त्याहून कितीतरी वर. पेटी पांढरी रंगवून उत्तरेच्या भिंतीवर नेली, खाली-वर जाळीची भोकं पाडली.

सिग्नल उत्तम पण टीक्यू खाली-वर: चॅनलवर दुसरा कुणीतरी आहे.

निरोप कुणाला, केव्हा

गावागावांतले दुवे ठरलेले आहेत, म्हणून झॅबिक्समध्ये अवलंबन फक्त त्यांच्यावर लावलं: रिले गेला तर क आणि ड बद्दल वेगळे निरोप नाहीत. गावाच्या आत मात्र कोण कुणामार्फत बोलतं हे मेश स्वतः बदलत राहतो, त्यामुळे तिथे अवलंबन लावणं फसवं. तिथे फक्त मोजणी: निम्म्याहून कमी नोड दिसले तर निरोप. याशिवाय तातडीचे निरोप चारच: गावाचा दुवा १० मिनिटांहून जास्त बंद, रिलेची बॅटरी १२ व्होल्टच्या खाली, सिग्नल आठवड्याच्या नेहमीच्या पातळीहून ६ डीबी खाली, एका दिवसात तीनहून जास्त रिस्टार्ट. बाकी सगळं सकाळी आठला एका संदेशात. सर्व्हर गावातच असल्याने फायबर तुटली की निरोप बाहेर जात नाही; त्यासाठी सिमकार्डाचा मोडेम, आणि बाहेरच्या एका सर्व्हरवर दर पाच मिनिटांची हजेरी. हजेरी चुकली की ओरड तिकडून होते.

निष्पत्ती

रिले फिडरच्या फेरपाळीतून अखंड चालतो. ब गावची संध्याकाळची तक्रार चॅनल बदलल्यावर थांबली. रोजचे तीस-चाळीस निरोप आता आठवड्याला दोन-तीनवर आले, आणि ग्रुप पुन्हा अनम्यूट झाला. बॅटरी रोज निम्म्याहून जास्त उतरते, त्यामुळे तिचं आयुष्य दीडेक वर्षच धरलं आहे. पुढच्या वेळी लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्यायची आणि त्याला जुळणारा चार्जरही, असं ठरलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली बॅटरी बदलण्याआधी फिडर बंद असताना पाइपच्या टोकाशी एक मल्टिमीटर लावला असता, तर दोन बॅटऱ्यांचा खर्च वाचला असता. सगळी मोजमापं खोलीत, बॅटरीच्या टोकांवर झाली, आणि तिथे सगळं ठीकच होतं. केबल घेताना तार खरवडून पाहणं हे तर अर्ध्या मिनिटाचं काम.

देखरेख उभारणीनंतर आली, उभारणीबरोबर यायला हवी होती. पहिल्या महिन्याच्या नोंदी नसल्यामुळे ब गावचा चॅनल नेमका कधी गजबजू लागला हे आजही सांगता येत नाही. ‘नेट गेलं’ आणि ‘दिसतंय पण उघडत नाही’ यांसाठी तक्रारवहीत पहिल्या दिवसापासून दोन रकाने हवे होते.

आणि जागेची पाहणी फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हायला नको होती. तेव्हा साग आणि मोह दोन्ही ओकेबोके असतात. अ गाव ते रिले ३.१ किलोमीटर. २० डीबीएम शक्ती आणि दोन्हीकडे १६ डीबीआयच्या (हे अँटेना सिग्नल किती एकवटते याचं माप) अँटेना धरल्या, तर हिशेबाने -६५.५ यायला हवे. पाहणीत -६७ आले आणि सगळे समाधानी झाले. वाटेत निम्म्या अंतरावर मोहाचं एक जुनं झाड आहे. या अंतराला ५.८ गिगाहर्ट्झवर मधोमध फ्रेनेल क्षेत्राची, म्हणजे सरळ रेषेभोवतीच्या सिग्नलच्या वाटेची, त्रिज्या ६.३ मीटर, त्यातली ६० टक्के, म्हणजे ३.८ मीटर, मोकळी हवी. पावसाळ्यात मोह भरतो, पानं भिजतात आणि सिग्नल -७६ वर येतो. मोह तोडायचं कुणी सुचवलंही नाही. त्याची फुलं वेचणारी घरं आहेत. पाइप ३ मीटरने वाढवायचा तर तीन बाजूंना ताणतारा लागतील, आणि त्यातली एक शेजाऱ्याच्या वावरात जाते. शेजाऱ्याशी बोलणं तुरीच्या काढणीनंतर होणार आहे. तोवर जून ते ऑक्टोबर या दुव्याची धोक्याची पातळी -७९ वर ठेवली आहे.